समुद्र घरी नसताना घेतलेली होडी

मानवानं पहिल्यांदा लाकडाचा ओंडका पाण्यात ढकलला आणि वर स्वतः बसला, त्या क्षणी संस्कृतीनं किनारा सोडला. खंड सापडले, व्यापार वाढला, माणसं माणसांना भेटली आणि भेटल्यावर भांडायला नवी माणसं मिळाली. होडी नसती तर माणूस जिथल्या तिथंच राहिला असता. भूम तालुक्यातला माणूस जिथल्या तिथंच राहिला आहे, कारण आमच्याकडं ढकलायला ओंडके होते, पाणी नव्हतं. पाणी यायचं ते टँकरनं, आणि टँकरमध्ये होडी चालवायची सोय सरकारनं अजून केलेली नाही.

हे सांगायचं कारण असं, की मागच्या वर्षी आमचा तलाव भरला.

ईट गावापासून सहा किलोमीटरवर आमचं गाव आणि गावाला लागून हा साठवण तलाव. दुष्काळी कामातून तो खोदला गेला, तेव्हापासून त्याच्यात पाण्यापेक्षा ज्वारीच जास्त वेळा उभी राहिली. तळातून गाडीवाट होती. पलीकडच्या वस्तीवरची चौदा घरं त्याच वाटेनं गावात यायची-जायची, आणि आपण तलावाच्या पोटातून चालतोय हे कुणाच्या मनातसुद्धा येत नसे. सप्टेंबरात चार दिवस असा पाऊस लागला की तलावाला आपण कोण आहोत त्याची आठवण झाली. पाचव्या दिवशी वाट दोन पुरुष पाण्याखाली गेली, सांडवा धो धो वाहू लागला आणि वस्तीवरून गावात यायला अकरा किलोमीटरचा वळसा पडला.

हा वळसा सगळ्यांत जास्त लागला तो कस्तुराबाईंना. वय पासष्टीच्या पुढं, घरात दुसरं माणूस नाही आणि दावणीला पाच म्हशी. गावातलं दूध संकलन केंद्र सकाळी सातला बंद होतं. पूर्वी त्या एक कॅन डोक्यावर आणि एक कमरेवर घेऊन तलावातून दहा मिनिटांत यायच्या. आता दूध कुणाच्या तरी मोटारसायकलला टांगून पाठवायचं. मोटारसायकल मिळाली तर दूध केंद्रावर, नाही मिळाली तर घरी. आणि एकट्या बाईनं किती ताक प्यावं यालाही मर्यादा आहे.

एक दिवस त्या वळसा घालून चालत ग्रामपंचायतीत आल्या. तक्रार नाही, रडणं नाही. उद्या कुठली भाजी करणार ते सांगावं तशा सुरात म्हणाल्या, "दिवाळीपतोर पलीकडं जायाची सोय करा. न्हाय झाली तर दोन म्हशी बाजारात काढते. दोन गेल्या की मागनं तीन जात्यात. मग म्या पलीकडं राहून तरी काय करू?"

आमचे सरपंच रणधीर. माणूस वाईट नाही. त्यांच्यात एकच कमी आहे. 'मला माहीत नाही' हे तीन शब्द त्यांच्या घराण्यात कुणी शिकलेलं नाही. आजोबांना विहिरीतलं पाणी वरून बघून कळायचं, वडिलांना निवडणुकीचा निकाल आधी कळायचा, आणि तो दोनदा चुकल्यावर त्यांनी निकालालाच चूक ठरवलं. रणधीर यांना तर मोबाईल मिळालेला. त्यांनी पाटबंधारे खात्याला पूल मागणारं पत्र लिहिलं. पत्र पुढं सरकवलं आहे असं उत्तर आलं. कुठं सरकवलं ते उत्तरात नव्हतं. मग रणधीर यांनी जाहीर केलं की आपण होडी आणू. मोबाईलवर त्यांना एक सापडलीही होती. कोकणातली, लाकडी, वीसेक माणसं बसतील एवढी, निळ्या रंगावर पिवळा पट्टा. खाली लिहिलेलं, 'जुनी पण कंडिशन एकदम चांगली.'

चावडीवर बसलेल्या पंचवीस जणांत होडीत बसलेला एकही माणूस नव्हता. त्यामुळं चर्चा मोकळेपणानं झाली.

बजरंग सुतारानं तेवढी एक शंका काढली. बजरंग म्हणजे आमच्याकडचा लाकडातला शेवटचा शब्द. दारं, चौकटी, तिफणी, देव्हारे, सगळं त्याच्या हातचं. तो म्हणाला, की लाकूड मला कळतं, पण पाण्यात जगलेलं लाकूड मला कळत न्हाय. त्याला त्यातला माणूस लागतो. असा माणूस तिकडं मिळत असंल, तर चार पैसं घेऊ दे, पण त्याच्याकडनं बघूनच होडी घ्यावी.

यावर सगळे हसले. स्वतःच्या धंद्यात आपल्याला काही कळत नाही असं कबूल करणारा माणूस गावानं पहिल्यांदाच बघितला होता. रणधीर म्हणाले, बघायला आपले व्यंकटअण्णा आहेत की.

व्यंकटअण्णा म्हणजे बैल. म्हणजे बैलांतले जाणकार. चाळीस वर्षं बाजारात उभं राहून त्यांनी हजारो बैल पारखले. दात बघतात, खूर बघतात, खांद्यावर हात फिरवतात, अंगावरचा भोवरा कुठं आहे ते बघून मालकाच्या घरात काय होणार ते सांगतात. शिंगं साळून, वर रंग लावून म्हाताऱ्या बैलाला तरणा करणारे व्यापारी अण्णांना लांबून बघितलं तरी जागा बदलतात. एकदा तर त्यांनी बैलाच्या अंगावर ओलं बोट फिरवून बोटाला लागलेला रंग भर बाजारात सगळ्यांना दाखवला होता. चाकं बांधलेली गाडी ओढून दाखवल्याशिवाय अण्णांनी आजवर एकही बैल घेतला नाही. असा माणूस हाताशी असताना परक्या माणसाला पैसे द्यायचे, हे गावाला अपमानासारखं वाटलं.

जीपमध्ये रणधीर पुढं बसले. मागं व्यंकटअण्णा आणि बजरंग, आणि एक जागा उरली म्हणून मी. मी चाळीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला होता आणि समुद्र फळ्यावर अनेकदा काढला होता. त्या अनुभवावर माझी निवड झाली.

रात्रभर प्रवास करून आम्ही सकाळी पोचलो तेव्हा समुद्र घरी नव्हता. ओहोटी होती. खाडीच्या जागी लांबच्या लांब चिखल, चिखलात काही होड्या कलंडलेल्या. आमची होडी मात्र काठावर, कोरड्या जमिनीवर, दोन्ही बाजूंनी टेकू लावून उभी. नवा निळा रंग उन्हात असा चमकत होता की त्यात अण्णांचं तोंड दिसत होतं. होडीचा मालक बोलायला मऊ, पन्नाशीचा माणूस. म्हणाला, पाणी यायला पाच-सहा तास लागतील. तेव्हा पाण्यात घालून बघा आणि मगच ठरवा. रणधीर यांनी घड्याळ बघितलं. संध्याकाळी त्यांना ईटला कुणाच्या तरी साखरपुड्यात दिसायचं होतं. चाकं बांधलेली गाडी ओढायला लावल्याशिवाय बैल न घेणारे आमचे अण्णा म्हणाले, पाण्याची गरज न्हाय, मला असंच कळतं.

मग तपासणी सुरू झाली. अण्णांनी आधी होडीला एक प्रदक्षिणा घातली. मग पुढच्या टोकाला उभं राहून तिच्याकडं रोखून बघितलं. बैल अशा वेळी नजर देतो किंवा चुकवतो. होडीनं दोन्हीतलं काहीच केलं नाही. त्यावरून ती शांत स्वभावाची आहे असं ठरलं. फळीत एक गाठ होती, भोवऱ्यासारखी. अण्णांनी ती डाव्या अंगाला आहे का उजव्या ते बघितलं आणि समाधानानं मान हलवली. काठीनं दोन-चार ठिकाणी ढोसलं. मागनं हातानं जोर लावून हलवून बघितली. मग त्या चकचकीत नव्या रंगावरून तळहात फिरवत आमच्याकडं वळून म्हणाले, "लई निगुतीनं ठेवलीय. अंगाला तेज बघा कसंय."

बैलाच्या अंगाचा रंग बोट ओलं करून पुसणारा माणूस हे बोलत होता. आणि मीसुद्धा मान हलवली. समुद्रकिनारी मान हलवली की आपण जाणकार दिसतो, हे मला तिथं गेल्या गेल्या कळलं होतं.

बजरंग मात्र खाली वाकून, दोन फळ्यांच्या मधल्या सांध्याला कान लावून बसला होता. त्याच्या तोंडावर मयताला आलेल्या माणसाचा भाव होता.

तेवढ्यात मालकानं स्वतःहूनच विषय काढला. शेजारच्या होडीपाशी एक बारका, चष्मेवाला म्हातारा खोक्यावर बसून चहा पीत होता. त्याच्याकडं बोट दाखवून मालक म्हणाला, हे सर्व्हेअर आहेत, होड्या तपासून दाखला देणं हेच त्यांचं काम. जुनी लाकडी होडी यांना दाखवल्याशिवाय आमच्याकडं कुणी घेत नाही. मी घेतली तेव्हा मीही यांनाच दाखवली होती. आता पंचवीस वर्षं झाली त्याला. तुम्ही दाखवून घ्या, नंतर माझ्या नावानं बोलू नका.

अण्णांनी रणधीर यांना बाजूला ओढलं. ते काय म्हणाले ते मला ऐकू आलं, कारण अण्णांचं कुजबुजणंसुद्धा बाजारातलंच असतं. त्यांचं म्हणणं असं, की विकणाऱ्यानं दाखवलेला माणूस विकणाऱ्याचाच असतो. तो पुढं येऊन बैल चांगला म्हणतो, आपण फसतो आणि संध्याकाळी दोघं वाटून खातात. बाजारात हा नियम शंभर टक्के खरा आहे. तो इथं लागू करण्यात एकच अडचण होती. समोर बाजार नव्हता आणि बैलही नव्हता.

रणधीर सर्व्हेअरला म्हणाले, तुमची गरज नाही, आमच्याकडं मोजणीचं काही भांडण नाही. सर्व्हेअर म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढं बांधावर साखळी टाकणारा माणूसच येतो. म्हातारा हसला. पूर्ण तपासणी म्हणजे दिवसभराचं काम, होडी एका कुशीवर करून, जागोजागी रंग खरवडून करावं लागतं, असं म्हणाला. पण तुम्ही लांबून आलात, पाच मिनिटं अशीच बघतो, काही देऊ नका.

काही देऊ नका म्हटल्यावर अण्णांचा संशय दुप्पट झाला. पण फुकट म्हटल्यावर रणधीर यांना नाही म्हणता येईना.

म्हाताऱ्यानं पिशवीतनं चार वस्तू काढल्या. लाकडी डोक्याची छोटी हातोडी, टोचा, बॅटरी आणि काठीला बांधलेला आरसा. न्हाव्याकडं असतो तेवढाच आरसा. हातोडी फळीवर आपटत तो एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं गेला. कुठं आवाज टणक यायचा, कुठं भिजल्या पोत्यावर मारल्यासारखा. प्रत्येक भिजल्या आवाजाला बजरंग डोळे मिटायचा. मग म्हाताऱ्यानं आतल्या तळफळ्या उचलल्या आणि खाली आरसा धरून बॅटरी मारली. मग बाहेर येऊन, पिवळ्या पट्ट्याच्या खाली हातभर अंतरावर, टोचा टेकवला आणि नुसता दाबला. मारला नाही, फिरवला नाही, दाबला. टोचा मुठीपर्यंत आत गेला. पिकल्या पेरूत जातो तसा.

त्यानं तो बाहेर काढून टोकाला लागलेला काळा भुगा बजरंगच्या तळहातावर झटकला. म्हणाला, "खाऱ्या पाण्यानं लाकूड एवढं सडत नाही, पावसाच्या पाण्यानं सडतं. ही तीन पावसाळे उघडी पडून आहे. आत पाणी साचून तळाच्या फासळ्या गेल्यात. खिळे लोखंडी आहेत, त्यांच्याभोवती लाकूड धरायला राहिलेलं नाही. त्याआधी किड्यानंही आतून पोखरलंय. बाहेर टाचणीएवढं भोक दिसतं, आत बोगदा असतो. वरचा रंग दोन आठवड्यांचा आहे. ही पाण्यात घालू नका. माणसं घेऊन तर नाहीच नाही."

मालक जमिनीकडं बघत होता. मला वाटलं, झालं, आता जीपमध्ये बसायचं.

आणि अण्णांच्या डोळ्यांत चमक आली. ती चमक मी ओळखतो. बैल मागच्या पायानं किंचित लंगडतोय हे दिसल्यावर येते ती. ते सावकाश मालकाकडं वळले.

"ऐकलं का मालक? तुमचाच माणूस काय बोलतोय ते?"

आणि त्यांनी भावाला सुरुवात केली. फासळ्या गेल्या, एवढे कमी करा. खिळे गंजले, आणखी कमी करा. किडा, त्याचे वेगळे. म्हाताऱ्यानं सांगितलेला एक एक दोष अण्णा बोटावर मोजून भावातून उतरवत होते. म्हातारा चष्मा काढून पुसायला लागला. शेवटी न राहवून म्हणाला, "अहो, मी भाव पाडायला नाही सांगितलं. घेऊ नका म्हणून सांगितलं."

अण्णांनी त्याच्या खांद्यावर मायेनं हात ठेवला. "पाहुणं, तुमी तुमचं काम चोख केलं. आता आमाला आमचं करू द्या."

आमच्या बाजाराची रीत अशी, की शेवटचा भाव तोंडानं बोलत नाहीत. उपरण्याखाली एकमेकांचा हात धरायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. अण्णांनी मालकाच्या हातावर उपरणं टाकलं आणि आत बोटं दाबायला सुरुवात केली. मालकाला यातलं काही ठाऊक नव्हतं. हे गावाकडचे लोक निरोप असा घेत असतील असं त्याला वाटलं असावं. तो बराच वेळ हात तसाच धरून उभा राहिला आणि मग अदबीनं म्हणाला, "झालं का?" अण्णांनी जाहीर केलं की झालं.

होडी निम्म्याहून कमी भावात मिळाली. परत येताना जीपमध्ये जो आनंद होता तो मी वर्णन करू शकत नाही. रणधीर यांनी साखरपुड्याला फोन करून उशीर होईल म्हणून कळवलं आणि कारण सविस्तर सांगितलं. कोकणातल्या माणसाला कसं लोळवलं ते अण्णा चार वेळा सांगून झाले. बार्शी मागं टाकल्यावर बजरंग पहिल्यांदा बोलला.

"अण्णा, त्यो टोचा मुठीपतोर आत गेला."

"म्हनून तर निम्म्यात आली," अण्णा म्हणाले. "न्हायतर आली असती का?"

या युक्तिवादात खोट काढता येत नाही. मी बराच प्रयत्न करून बघितला.

होडी ट्रकमधून आली. ईटच्या चौकात लोकांनी ट्रक थांबवून तिच्याबरोबर फोटो काढले. एका आजीबाईंनी तिला हळदकुंकू लावलं आणि ही खाते काय म्हणून विचारलं. गावात आल्यावर ती मारुतीच्या देवळापुढं उभी केली. भटजींनी काढलेला मुहूर्त पंधरा दिवसांनी होता. ऑक्टोबरचं ऊन तुम्हाला माहीत आहे. पंधरा दिवस होडी त्या उन्हात तापली. बजरंग रोज संध्याकाळी येऊन तिच्या सांध्यांत नख घालून बघायचा. पहिल्या दिवशी नख जात नव्हतं, आठव्या दिवशी गेलं, बाराव्या दिवशी पोस्टकार्ड गेलं असतं. त्यानं रणधीर यांना जाऊन सांगितलं, की निदान आतून तरी बघू द्या, चार वाईट फळ्या काढून नव्या घालतो, आणि कोकणातल्या त्या म्हाताऱ्याला फोन करून कसं करायचं ते विचारतो. रणधीर म्हणाले, त्या म्हाताऱ्याचा आता काय संबंध? त्याचा उपयोग करून झालाय. आणि रंगाऱ्याला बोलावून त्यांनी होडीच्या दोन्ही अंगाला स्वतःचं नाव लिहून घेतलं. रंगाचा आणखी एक थर बसला. होडी अधिकच मजबूत दिसायला लागली.

या दिवसांत कस्तुराबाई दोनदा येऊन गेल्या. होडीकडं त्यांनी फारसं बघितलं नाही. एकच विचारलं, सकाळी सातच्या आत माझं दूध अलीकडं येईल का? रणधीर म्हणाले, काकू, दूध काय घेऊन बसलात, पुढच्या वर्षी इथं पर्यटन येणार आहे. पर्यटन सातच्या आत येतं का, असं त्यांनी विचारलं. खवचटपणा नव्हता. त्यांना खरंच वेळ जुळवायची होती.

मुहूर्त दुपारी तीनचा. तलावाच्या काठावर मांडव घातलेला, तेरखेड्याहून फटाके आणलेले, आणि तीनशे माणूस. कस्तुराबाई वळसा घालून सकाळीच आल्या होत्या, कारण पहिल्या फेरीत होडीतून वस्तीवर परत जाण्याचा मान त्यांचा होता. फटाक्यांची माळ लागली, नारळ फुटला आणि पन्नास जणांनी धक्का देत होडी पाण्यात ढकलली. ती तरंगली. मी प्रामाणिकपणे सांगतो, त्या क्षणी माझा भूगोल आणि बजरंगचं सुतारकाम दोन्ही खोटं ठरलं असं वाटून मी टाळ्या वाजवल्या.

रणधीर कस्तुराबाईंना म्हणाले, "या काकू, बसा."

कस्तुराबाई पाण्याच्या कडेला आल्या. होडीच्या आत बघितलं. तळाशी ओंजळभर पाणी होतं. होडी आत्ता कुठं पाण्यात गेली होती आणि पाणी आत्ताच तिच्यात आलं होतं. त्यांनी पदर खोचला आणि दोन पावलं मागं सरल्या.

"आधी तुमी बसा," त्या म्हणाल्या. "तुमी इकत घेतली. तुमी पलीकडं जाऊन या, मग म्या बसते."

तीनशे माणसांसमोर यावर उत्तर एकच असू शकतं. रणधीर चढले. व्यंकटअण्णांना नाइलाजानं चढावं लागलं. मला कुणी बोलावलं नाही, आणि त्याचा मी आग्रहही धरला नाही. वल्ही मारायला दोन गडी घेतले. ते दोघं विहिरीत पोहून तयार झालेले होते, त्यामुळं वल्ही दोन वेगळ्या दिशांना चालत होती. तरी होडी पुढं गेली, वीस फूट, तीस फूट. रणधीर मधे उभे राहून हात हलवत होते.

आतलं पाणी घोट्यापर्यंत आलं तेव्हा काठावर कुजबुज सुरू झाली. अण्णांनी वाकून बघितलं आणि मोठ्यानं सांगितलं, घाबरू नका. कोकणातल्या मालकानं त्यांना निघताना म्हणे सांगितलं होतं, की कोरडी होडी पहिल्यांदा थोडं पाणी पिते, लाकूड फुगतं आणि सांधे आपोआप बंद होतात. हे खरं आहे. चांगल्या लाकडाच्या बाबतीत खरं आहे.

"पितंय बिचारं," अण्णा म्हणाले. "लांबनं आलंय."

बिचारं पीत राहिलं. पाणी पोटरीला आलं. गड्यांनी वल्ही टाकून दिली. मग होडीच्या पोटातून एक आवाज आला, फार मोठा नाही, वाळकी काटकी मोडावी एवढाच, आणि रणधीर यांचं नाव लिहिलेली फळी नावासकट सुटून बाजूला तरंगायला लागली. त्यानंतर घाई अशी कुणी केली नाही. होडी सरळ, मान न वाकवता, शांतपणे खाली बसली. स्वभाव शांत आहे हे अण्णांनी ओळखलं होतंच.

खाली आदल्या वर्षीच्या ज्वारीचं ढेकळांचं रान होतं. काठाजवळ तलाव उथळ होता. चौघंही छातीएवढ्या पाण्यात पाय टेकून उभे राहिले. त्यामुळं कुणाला काही झालं नाही, आणि म्हणूनच हे मी हसत सांगू शकतो. शंभर फूट पुढं गेले असते तर मी हे लिहिलंच नसतं.

बजरंग कपड्यांसकट पाण्यात उतरला, सुटलेली फळी ओढत काठावर घेऊन आला आणि दोन्ही हातांनी वाकवली. फळी भाकरीसारखी मोडली. त्यानं दोन्ही तुकडे लोकांना दाखवले नाहीत. नुसते खाली ठेवले आणि त्यांच्याकडं बघत बसला.

रणधीर पाण्यातून बाहेर आले ते बोलतच. ओल्या कपड्यांचं पाणी मांडवात गळत होतं आणि माईक चालू होता. त्यांनी सांगितलं, की दोष कुणाचा ते आता शोधायला हवं. तिथं एक सरकारमान्य म्हणवणारा तज्ज्ञ हजर होता. त्यानं स्वतः तपासणी केली होती, हातोडीनं, टोच्यानं, आरशानं. एवढं सगळं दिसत असताना त्यानं आम्हाला घेऊच कशी दिली? अण्णांनी उपरणं पिळत पाठिंबा दिला. त्यांचं म्हणणं थोडं वेगळं होतं. ते म्हणाले, फसवणूक झालेली नाही. या भावात एवढंच मिळतं.

मग रणधीर यांना सूर सापडला. ते म्हणाले, हा शेवट नाही, सुरुवात आहे. आता आपण मागं हटायचं नाही. पुढच्या वेळी यांत्रिक बोट आणू. एक नाही, दोन आणू. वरच्या मजल्याची आणू. तलावात होडी फिरवणारं तालुक्यातलं पहिलं गाव म्हणून आपलं नाव झालंय, ते कुणी काढून घेऊ शकत नाही. आणि पुढची खरेदी करायला अण्णांच्याच नेतृत्वाखाली समिती जाईल. अण्णांनी नम्रपणे मान झुकवली आणि नाकातलं पाणी शिंकरलं. पहिल्या रांगेतल्या काही जणांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. समितीत कोण कोण, यावर मागच्या बाजूला बोलणं सुरू झालं. मी दोन पावलं पुढं सरकलो, हेही लपवत नाही.

कस्तुराबाई एवढा वेळ पाण्याकडं बघत उभ्या होत्या. ऊन कलायला लागलं होतं. पलीकडं वस्तीवरची चिंचेची झाडं दिसत होती, आणि वारा तिकडून येत असल्यामुळं म्हशीचं ओरडणंही अधूनमधून येत होतं. भाषण चालू असतानाच त्या मांडवात शिरल्या आणि आधी अण्णांपुढं उभ्या राहिल्या.

"व्यंकट, दोन म्हशी काढते बाजारात. गिऱ्हाईक बघ."

मग त्या रणधीर यांच्याकडं वळल्या. सरपंचांनी माईकवर हात ठेवला.

"रणधीर, तेवढं मला गाडीवर पलीकडं सोड रं. धारा काढायच्यात."